राहत्या घराचा पुरावा

अण्णांच्या तिकडच्या घराची शेवटची बिलं टेबलावर पसरून वहिनी बसली होती. पाण्याचं, विजेचं, गॅसचं, कचऱ्याचं. घर विकून झालं, किल्ल्या नव्या मालकाच्या हातात गेल्या, तरी ते घर काही पिच्छा सोडत नव्हतं. गेलेल्या माणसाच्या नावाने टपाल येत राहावं तशी पाकिटं तिकडून इकडे येतच होती. ती फोडायचं काम वहिनीकडे आलं होतं, कारण पाकीट फोडायची भीती न वाटणारी या घरात ती एकटीच.

"अण्णा, हे बघा. पाणीवाले उलट तुम्हालाच पैसे परत देतायत."

अण्णा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मान हलवली. "देणारच. ते अंदाजाने आकारतात, आणि माझा अंदाज त्यांना कधी आलाच नाही. अख्ख्या गल्लीत सगळ्यांत कमी बिल माझं. मीटर बिघडला समजून त्यांनी तो दोनदा बदलला. नवाही तेवढंच दाखवायचा."

"यात मिरवण्यासारखं काय आहे रे?" आत्या म्हणाली. ती अण्णांची थोरली बहीण. दुपारच्या चहाला येऊन तिला तासभर झाला होता आणि अजून ती पहिल्याच कपाशी बसली होती. "तू अंघोळ करत नव्हतास एवढाच त्याचा अर्थ."

अण्णा लाजल्यासारखे हसले. वहिनी हसली नाही. सकाळी तिकडच्या कर-सल्लागाराचा निरोप आला होता. सगळे जमले की फोन करा, असं त्याने कळवलं होतं, आणि एरवी तो असं म्हणत नसे.

दादा, वहिनीचा नवरा, चिमीला घेऊन आला. आईच्या कपाटावरून भांडण झालं, त्यानंतर भाऊ-बहीण एका टेबलाशी बसत होती ती आजच. चिमीने कोट काढला नाही. कोट अंगावर ठेवून बसणं ही तिची लहानपणापासूनची धमकी होती. मी केव्हाही उठून जाईन, असा तिचा अर्थ. वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि सल्लागाराला फोन लावून, तो मधोमध ठेवून आवाज मोठा केला.

"म्हणणं साधं आहे," सल्लागार म्हणाला. त्याचा आवाज मऊ, पण घाईतला होता. "स्वतः राहत असलेलं घर विकलं तर नफ्यावर कर नाही. रिकामं ठेवलेलं घर विकलं तर आहे, आणि तो जबर आहे. कर-कार्यालयाने वीज-पाण्याचे आकडे मागवले. त्यांचं मत असं पडलंय की गेली काही वर्षं त्या घरात कोणी राहतच नव्हतं."

"मी राहत होतो," अण्णा म्हणाले.

"माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर सूट मिळत नाही. गळका नळसुद्धा याहून जास्त पाणी खातो, असं त्यांनी पत्रात लिहिलंय."

आत्या फिसकन हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

"पत्ता तिथला होता. पेन्शन तिथे येत होती," वहिनी म्हणाली.

"पत्ता कागदावर असतो बाई. माणूस तिथे असायलाच पाहिजे असं नाही."

"शेजारी?" दादाने विचारलं.

"शेजारी दर वर्षी नवा," अण्णा म्हणाले. "शेजारचं घर भाड्याचं. ओळख होईपर्यंत ते सामान बांधायला लागायचे."

"डॉक्टर वगैरे?"

"दुखलंच नाही काही."

"मग एकच मार्ग," सल्लागार म्हणाला. "जे तिथे येऊन-जाऊन होते, मुक्कामाला राहिले होते, अशा कुणाचं तरी सहीचं निवेदन. मुलांचंही चालेल. केव्हा आलो, कुठे झोपलो, वडील कसे राहत होते. ते उलट प्रश्नही विचारतात कधीकधी, तेव्हा खरंखुरं लिहा."

"एवढंच ना!" दादा म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला.

फोन बंद झाला. वहिनीने बिलं एकावर एक रचली. तिच्या डोळ्यांसमोर बागेपलीकडची ती तळमजल्याची जागा होती, घराच्या पैशांतून अण्णांसाठी घ्यायची ठरवलेली. दोन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारा बसथांबा. अण्णांना ती जागा मनापासून आवडली होती. तिथे उभे असताना त्यांनी खिडकीची कडी दोनदा लावून, दोनदा काढून पाहिली होती. कर बसला तर ती जागा हातची गेली. मग अण्णा आणि तिचं शिलाई मशीन मागच्या खोलीत एकमेकांना अडखळत राहणार. तिला ती जागा अण्णांसाठी हवी होती आणि थोडीशी स्वतःसाठीही. यातलं दुसरं कोणी विचारलं असतं तरी तिने नाकारलं नसतं.

*

"चिमे, तूच लिही मग," दादा म्हणाला.

चिमीला वाटलं तो टोमणा मारतोय. दादाचे टोमणे असेच साध्या आवाजात येत. "मी कशाला? लिहायचा मान तुझा. दर उन्हाळ्यात जाणारा तू."

"मी?"

"नाही तर कोण? छप्पर कोणी बघितलं? परसातलं ते झाड कोणी तोडलं?"

"मी झाड तोडलं?" दादा वहिनीकडे पाहायला लागला, जणू ते तिला माहीत असेल. "अगं, मला सुट्टी कुठे मिळत होती? मी फोन करायचो तेव्हा अण्णा म्हणायचे, चिमी नुकतीच येऊन गेली. आठवडाभर होती. पडदे धुऊन गेली."

"मी पडदे धुतले?"

"स्वच्छ निघाले म्हणाले."

आत्याने कप खाली ठेवला. "थांबा थांबा. मला तर हा सांगायचा, मुलं आलटून-पालटून असतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी म्हटलं, त्यात माझी म्हातारीची भर कशाला."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती बराच वेळ ओरडत राहिली.

चिमी कपातल्या चहाकडे बघत होती. किती वर्षं ती या भावावर रागावून होती! अण्णा त्याचे, घर त्याचं, तिथल्या फांद्या तोडण्याचा अधिकारसुद्धा त्याचा. आपली तिथे कुणाला गरज नाही. तो राग तिने जपून ठेवला होता, आणि आता तिच्या लक्षात येत होतं की तो जितका खरा होता तितकाच सोयीचाही होता. दादा जातोय म्हटल्यावर विमानाच्या तिकिटाची किंमतसुद्धा बघावी लागत नसे.

"अण्णा?" ती म्हणाली.

"पडदे मीच धुतले," अण्णा म्हणाले. "झाड पालिकेच्या माणसांनी तोडलं. ते रस्त्यावर झुकलं होतं."

"ते नाही हो विचारत. का सांगितलंत तसं?"

अण्णांनी गुडघ्यावरचा न दिसणारा धागा झटकला. पुस्तकातल्या माणसांविषयी ते तासन्‌तास बोलत. स्वतःविषयी बोलताना मात्र परक्या घरातली भांडी उचलावीत तसे शब्द उचलत.

"तुझा फोन यायचा ना," ते म्हणाले, "तेव्हा सुरुवातीला तू फार हळू बोलायचीस. अपराध केल्यासारखी. जमलंच नाही अण्णा, पुढच्या वेळी नक्की अण्णा. सगळा फोन त्यातच जायचा. एकदा मी सहज म्हटलं, दादा येऊन गेला. तर तुझा आवाज एकदम मोकळा झाला. मग तू ऑफिसातल्या त्या बाईची नक्कल केलीस. आपण किती हसलो त्या दिवशी." ते दादाकडे वळले. "तुझंही तसंच. मग मी तेच धरून बसलो."

"म्हणजे कोणीच येत नव्हतं," वहिनी म्हणाली. ती प्रश्न विचारत नव्हती. रचलेल्या बिलांकडे बघत होती.

*

दादाची हयात विम्याच्या दाव्यांत गेली होती. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, पाय घसरून पडलेली माणसं. कोण खरं बोलतंय हे तो टेबलापलीकडून ओळखत असे, आणि ही विद्या आज आपल्यावरच उलटलीये हे त्याला कळत होतं. पण हातपाय गाळून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"मी सही करतो," तो म्हणाला. "मी येत होतो असं लिहितो."

"वेड लागलंय का तुला?" वहिनी म्हणाली. "खोटं निवेदन? सापडलास तर?"

"खोटं काय त्यात? अण्णा तिथे राहत होते, हे खरं आहे ना? मग एका खऱ्याला एका खोट्याचा टेकू दिला तर बिघडलं कुठे?"

"मी करते सही," चिमी म्हणाली. "मुलीवर जास्त विश्वास ठेवतात."

"तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात."

"कागदावर कान दिसत नाहीत, दादा."

"उलट प्रश्न आले तर? मी करतो म्हटलं ना."

"सगळं तूच कर. छप्परही तूच बघ!"

"दोघांनी करा," आत्या म्हणाली. "एकाने उन्हाळा घ्या, एकीने हिवाळा. आईचं कपाट वाटताना हेच सुचलं असतं तर वर्ष वाचलं असतं."

चिमी हसली, आणि ती हसली म्हणून दादाही हसला. फार दिवसांनी दोघं एका बाजूला होती. पलीकडच्या बाजूला वहिनी हाताची घडी घालून एकटी बसली होती. तिला अण्णांकडून मदतीची अपेक्षा होती, पण अण्णा मुलांकडे बघत होते. मुलं त्यांच्या घरी कोण आलं होतं यावरून भांडत होती, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणावं की नाही, हे वहिनीला ठरवता येईना.

"ऐका," दादा म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "खोटा दावा कशात पकडला जातो माहितीये? मोठ्या गोष्टींत नाही, बारीकसारीक गोष्टींत. तेव्हा घर नीट पाठ पाहिजे. मी कुठे झोपायचो? मागच्या खोलीत, लोखंडी पलंगावर. कूस बदलली की करकरायचा."

"तो पलंग मी देऊन टाकला," अण्णा म्हणाले.

"केव्हा?"

"आई गेली त्याच वर्षी."

"बरं. मग स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी आपण नाश्ता..."

"टेबल तिथे नव्हतं. तिथे माझी खाट होती."

"स्वयंपाकघरात खाट?" चिमीने विचारलं.

दादाने पाण्याचं बिल उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्याने ते अण्णांपुढे सरकवलं आणि खिशातलं पेन काढून दिलं. "काढून दाखवा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

*

अण्णांनी आयुष्यभर जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढले होते. हात आता थरथरत असे, पण पेन कागदाला टेकलं की थरथर कुठेतरी निघून जायची. त्यांनी बाहेरच्या भिंतीची रेघ ओढली, मग दाराची फट, मग दार ज्या बाजूला उघडतं तिकडे अर्धा कंस. चिमी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी आली. दादा टेबलाला वळसा घालून मागे उभा राहिला.

"हे दार," अण्णा म्हणाले. "पावसात फुगायचं. खांद्याने ढकलायचं, पण वरच्या अंगाला. खाली ढकललं तर अडकतं."

"वर ढकलायचं," दादा पुटपुटला.

"आत आलं की उजवीकडे बैठक. ती बंद. दाराच्या फटीत आईची जुनी शाल दाबून ठेवलेली, गार वारा येऊ नये म्हणून. डावीकडे स्वयंपाकघर. मी इथे राहायचो. ही खाट. ही खुर्ची. ही किटली."

"आणि हीटर?" दादाने विचारलं.

"होता. लावायचो नाही. मी दिवसा वाचनालयात असायचो. तिथे ऊब असते. सकाळी उघडलं की जायचं, बंद करताना निघायचं."

दादाचे डोळे चमकले. "मग वाचनालयाचं कार्ड असेल! त्यावर नोंदी असतील!"

"कार्ड नव्हतं काढलं. पुस्तक घरी आणलं तर वाचायला दिवा लावावा लागतो. तिथेच बसून वाचायचो."

"आणि अंघोळ?" आत्याने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. यंत्रात नाणं टाकून तिकीट काढायचं. गरम पाणी भरपूर. मला पोहता येत नाही, त्यामुळे सगळा वेळ अंघोळीलाच मिळायचा."

हसण्यासारखी गोष्ट होती. कोणी हसलं नाही.

"पैसे नव्हते का अण्णा?" चिमी म्हणाली. "पेन्शन होती ना?"

"होती की. पैशांचं नाही ते."

कशाचं ते सांगावं की नाही, असा त्यांना प्रश्न पडला. इतकी क्षुल्लक गोष्ट. सांगितली तर हे म्हणतील, म्हातारा चळला. पण पेन हातात होतं, आणि पेन हातात असलं की त्यांना जरा धीर येई.

"तुमची आई गेली, त्यानंतरचं पहिलं बिल आलं," ते म्हणाले. "ते आधीच्याएवढंच होतं. दोन-चार आकड्यांचा फरक. मी ते पुन्हा पुन्हा बघत बसलो. एवढं माणूस घरातून गेलं आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही? मला ते बरं वाटलं नाही. मग मी तिचा दिवा बंद ठेवायला लागलो. मग तिच्या वाटणीचं पाणी. पुढचं बिल कमी आलं. बरं वाटलं. मग सवयच लागली. दर वेळी मागच्यापेक्षा थोडं कमी." ते ओशाळून हसले. "आता कळतं की तिचं संपल्यावर मी माझंही कमी करत गेलो. कुठे थांबायचं ते लक्षात राहिलं नाही."

चिमीने त्यांच्या हाताजवळ हात ठेवला, हातावर नाही. या घरात एवढीच रीत होती.

"पुढे," दादा म्हणाला. "मागची खोली."

"मागच्या खोलीत काहीच नव्हतं. दोघांच्या शाळेच्या पेट्या तेवढ्या. आणि दोन उशा. अभ्रे मी बदलायचो अधूनमधून. न जाणो, कोणी आलं तर." अण्णांनी त्या खोलीत दोन लहान चौकोन काढले आणि त्यात उशीला मध्ये पडतो तसा खळगाही काढला.

वहिनी कधी उठून मागे येऊन उभी राहिली होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. चौघंही वाकून त्या कागदाकडे बघत होती. चिमीचं बोट दारातून आत आलं होतं, बैठकीशी अडलं होतं, आता खाटेपाशी थांबलं होतं.

"बस, एवढं पुरे," दादा म्हणाला. "मी आजच लिहून काढतो. दार, शाल, खाट, उशा. कोणीही विचारू दे आता."

"नको लिहूस," अण्णा म्हणाले.

"अहो, आता सगळं पाठ झालंय!"

"म्हणूनच नको. तू सही केलीस की ते खरं ठरेल. दादा येत होता, चिमी येत होती, अशी नोंद सरकारदरबारी लागेल." त्यांना शब्द सापडेनात. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "फोनवर मी सांगायचो ती माझी गोष्ट होती. खरं काय ते निदान मला माहीत होतं. तुमची सही झाल्यावर मी कुणाला सांगू, की कोणी आलं नव्हतं म्हणून?"

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलापलीकडे बसलेल्या कितीतरी माणसांची तोंडं त्याने अशी मिटलेली पाहिली होती.

"मग ती जागा?" चिमी म्हणाली. "बागेपलीकडची? कर भरला तर ती घेता येणार नाही, अण्णा."

"हो. नाही घेता येणार." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "सूनबाई, तुझ्या मशीनला अडचण होईल माझी. त्या जागेची खिडकी फार चांगली होती." त्या खिडकीच्या कडीचा स्पर्श अजून त्यांच्या बोटांत होता.

नाही हो, अडचण कसली, असं म्हणणं सोपं होतं आणि ते खोटं झालं असतं. आज घरात खोटं पुष्कळ झालं होतं. "मशीन खिडकीखालून हलवते," वहिनी म्हणाली. "तिथे तुमची खुर्ची बसेल." मग तिने फोन उचलला आणि सल्लागाराला सांगितलं, साक्षीदार कोणी नाही, कर भरतोय. त्याने दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं.

आत्या उठली, तिचा गार झालेला चहा तिने मोरीत ओतला आणि नळ उघडून कप विसळला. पाणी जोरात पडलं. अण्णांनी सवयीने मान वळवली आणि नळ बंद होईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले.

दादा निघाला, गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. चिमीला स्टेशनवर सोडायचं होतं. ती जागची हलली नाही. तिचं बोट कागदावर खाटेपाशीच होतं.

"वरचा मजला राहिला," ती म्हणाली.

"आता कशाला?" अण्णा म्हणाले. "आता निवेदन नाही काही नाही."

"तरी."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपण काढलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आडव्या बारीक रेघा ओढायला लागले, एकावर एक, सारख्या अंतराच्या. दादाने किल्ली खिशात टाकली. चिमी कोटाची बटणं काढायला लागली.

"कोट राहू दे," अण्णा म्हणाले. "वर जास्त गारठा आहे. आणि कठड्याला धर. जिन्यात दिवा नाहीये."